कुलपातला आवाज

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्या जाऊन बरीच वर्षं झाली. पण त्या एकदाच गेल्या असं मात्र मला म्हणता येत नाही.

मी दुसरबीडकडची. लग्न होऊन पिंपळगाव राजाला आले ती थेट भाजीपाल्याच्या मळ्यात. मागच्या दाराशी वाफे सुरू होत ते पार विहिरीपर्यंत जात. वांगी, मेथी, मिरच्या, सांभार. सांभार म्हणजे कोथिंबीर, हे मला इथे येऊन कळलं. माझ्या आईने मला टायपिंगच्या क्लासला घातलं होतं, चुलीपुढे फारसं बसवलं नव्हतं. त्यामुळे सासरी येताना मी एक कॉम्प्युटर घेऊन आले आणि स्वयंपाकाच्या नावाने आनंदीआनंद. लग्नपत्रिका, बारशाच्या पत्रिका, दुकानांच्या पाट्यांचा मजकूर, असली कामं मी घरी बसून करायची. आत्याबाईंना त्या यंत्राचं कौतुक होतं आणि माझ्या पोळ्यांची कीव येत असे.

त्यांचा स्वभाव असा की कुठलीही गोष्ट एकदाच सांगायच्या. दुसऱ्यांदा विचारलं की म्हणत, "काऊन, पहिल्या खेपेले कान मळ्यात ठेवले होते काय?" मीही काही गरीब गाय नव्हते. एकदा मी फोन काढला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि त्यांच्यापुढे पाटावर ठेवला. म्हटलं, "आता एकदाच सांगा, मला जन्मभर पुरेल." आधी त्या बिचकल्या, मग रंगल्या. पुढे पुढे तर स्वतःच हाक मारून म्हणत, "इकडं ये, हे भरून घे." कुरडया, सांडगे, लिंबाचं लोणचं, बियाण्यासाठी कुठलं वांगं झाडावर पिकू द्यायचं, मेथीचा वाफा कधी मोडायचा. मधूनच शेजारणीशी बोलणं, कोंबडीला हाकलणं, मळ्यात असलेल्या मामाजींना हाक. मामाजी म्हणजे माझे सासरे. फोन भरला की मी ते सगळं कॉम्प्युटरवर टाकायची. फोल्डरला नाव दिलं होतं, आत्याबाई.

त्यांनी पोटाचं दुखणं अंगावर काढलं. आम्हाला कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. तेरवी झाली, पाहुणे पांगले, आणि एका सकाळी मामाजी कॉम्प्युटरच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. टोपी हातात. म्हणाले, "तुयी सासू हाय म्हनते ना याच्यात?"

तेव्हापासून तो रिवाजच पडला. मळ्यात जाण्याआधी ते खुर्चीत बसायचे, मी आत्याबाईंचं एखादं रेकॉर्डिंग लावून द्यायची आणि पोळ्या करायला आत जायची. मेलेल्या बाईचा आवाज बाहेरच्या खोलीतून येतोय आणि आपण पीठ मळतोय, याचा सुरुवातीला मला काटा यायचा. एकदोनदा तर मी "आले हो" म्हणून ओसुद्धा दिली. मग अंगवळणी पडलं. मामाजींना कुरडयांशी काही देणंघेणं नव्हतं. ते वाट बघायचे ती मधल्या हाकेची. ती हाक आली की मान हलवायचे, टोपी चढवायचे आणि निघायचे.

माझ्या मनात मात्र धास्ती होती. एवढं सगळं एकाच डब्यात आहे, उद्या तो डबा बंद पडला तर काय? म्हणून मी एक वेगळी हार्ड डिस्क घेतली. खिशात मावेल एवढी. तिच्यात फोल्डरची दुसरी प्रत केली आणि कपाटात, माझ्या लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवून दिली. यात माझं काही चुकलं नव्हतं. हे मी आजही ठासून सांगते.

मग खंडेनवमी आली.

आमच्याकडे त्या दिवशी घरातलं अवजार न् अवजार धुऊन पुसून समोरच्या खोलीत मांडतात. वखर, विळे, फवारणीचा पंप, तराजू, आत्याबाईंचं खुरपं, आणि मी आल्यापासून कॉम्प्युटरही. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल. पूजा झाली की अवजारांची सुटी. दसऱ्याच्या सकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, विळीलासुद्धा नाही, म्हणून भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवायची. आणि घरात एखादं नवं अवजार आलं असेल तर ते आधी पूजेला बसवायचं, मग वापरायला काढायचं.

त्या वर्षी नवं अवजार होतं. यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, खामगावातल्या एका ओळखीच्या माणसाकडून पत्रिकांची डिझाइनं करायचं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर आणलं होतं. विकत घ्यायचं तर आमच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून कुणीतरी त्याचं कुलूप तोडून जगाला फुकट वाटलेलं. बरोबर सूचना होती की आधी अँटिव्हायरस बंद करा. तेव्हा सगळे तसंच करायचे. राखणदाराला बाहेर काढून पाहुण्याला आत घ्यायचं, यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. नवमीच्या सकाळी यांनी ते मशीनमध्ये बसवलं, म्हणजे तेही पूजेत येईल. पडद्यावर काही खिडक्या उघडल्या, मिटल्या. यांनी हात जोडले.

मी फूल वाहत होते तेव्हा मामाजी म्हणाले, "अन् थे दुसरं? कपाटातलं?"

"ते कशाला, मामाजी? ते जपून ठेवलंय."

"त्याले काऊन डांबून ठेवतं सणाच्या दिवशी? थे बी अवजारच हाय. तुयी सासू हाय त्याच्यात. जोडून दे, दिवा लागू दे त्याचा."

म्हाताऱ्या माणसाला सणासुदीला नाही कोण म्हणणार. मी शालूच्या घडीतून डिस्क काढली, कॉम्प्युटरला जोडली, तिच्यावर कुंकवाचं बोट टेकवलं. तिचा निळा दिवा लागला. मशीन चालूच ठेवायची आमची पद्धत, कारण बंद यंत्राची पूजा मामाजींना मढ्याच्या पूजेसारखी वाटे.

तो दिवा सबंध दिवस लुकलुकत राहिला. कुणी हात लावलेला नाही, कुणी काम करत नाही, आणि दिवा आपला भराभर उघडझाप करतोय. जेवणं झाल्यावर मामाजी त्याच्यासमोर बसले होते. मला म्हणाले, "पाह्य, जागी हाय." मी हसले. दुपार कलली तसा डब्यातला पंखा घुमायला लागला. पडद्यावर मी घरातल्या फोटोंचं फोल्डर उघडं ठेवलं होतं, सणाला बरं दिसतं म्हणून. माझं लक्ष गेलं तेव्हा त्यातले फोटो पांढरे होत होते. आत्याबाई मळ्यात उभ्या, पांढऱ्या. आत्याबाई आणि मामाजी शेगावला, पांढरे. एकेका चौकोनातून माणसं निघून जात होती आणि खाली नावं तेवढी राहत होती. नावांच्या मागे चार अक्षरांचं एक इंग्रजी शेपूट आलं होतं.

मी माउसकडे हात नेला. मामाजी म्हणाले, "आज अवजाराले हात नाई, बाई."

मला राग आला आणि भीतीही वाटली, आणि या दोन्हींच्या मध्ये मी हात मागे घेतला. वाटलं, मशीन तापलंय, उद्या बघू. अशा वेळी नेट तोडावं, डिस्क उपटावी, मशीन अडवावं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी त्या खोलीत, त्या फुलांपुढे, सासऱ्यांचा शब्द मोडून मी ते केलं असतं की नाही, देव जाणे.

दसऱ्याला सकाळी पूजा उतरवून मी कॉम्प्युटरवर बसले. आत्याबाई नावाचं फोल्डर होतं. आत सगळी रेकॉर्डिंगं होती, कुरडया, सांडगे, लोणचं, सगळ्यांना ते शेपूट. एकही उघडेना. मी डिस्क बघितली, तिच्यातही तेच. सगळ्यात वाईट म्हणजे फायलींची वजनं होती तेवढीच होती. कुणी काही नेलं नव्हतं. आत्याबाई तिथेच, तेवढीच जागा अडवून बसल्या होत्या, फक्त बोलत नव्हत्या.

प्रत्येक फोल्डरमध्ये इंग्रजीतली एक चिठ्ठी टाकलेली होती. भाषा अगदी साजूक. घाबरू नका, तुमच्या फायली सुरक्षित आहेत, आम्ही फक्त कुलूप लावलं आहे, किल्ली आमच्याकडे आहे. किल्लीची किंमत अमुक डॉलर, लवकर दिलेत तर निम्मी. खात्री पटावी म्हणून एक फाइल फुकट उघडून दाखवू. चोर तो चोर, वर शिरजोर. मला इतका संताप आला की मी त्या पडद्याला दुसरबीडच्या भाषेत दोन शिव्या घातल्या. मग मामाजी टोपी घेऊन येताना दिसले आणि मी रडायला लागले.

खामगावला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा दुसरा एकजण यांच्या ओळखीचा होता. त्याला फोन केला. तो म्हणाला, नेटची वायर काढा, डिस्क काढा, काही पुसू नका, त्या चिठ्ठीला उत्तर देऊ नका, आणि मशीन घेऊन या. डबा चादरीत बांधून मोटरसायकलवर मांडीत धरून मी नेला. त्याने सगळं तपासलं. मशीन आपल्या जुन्या प्रती आत लपवून ठेवतं, त्याही त्या फुकटच्या सॉफ्टवेअरबरोबर आलेल्या रोगाने आधीच खाल्ल्या होत्या. फोनचं जुनं कार्ड बघितलं, त्याच्यावर पुढे इतके फोटो काढले गेले होते की खालचं काही उरलं नव्हतं. अशा रोगाला इलाज नाही, असं त्याने सरळ सांगितलं. मशीन पूर्ण धुऊन नव्याने बसवावं लागेल. पैसे देऊन किल्ली मिळेलच असं नाही, त्याच्या एका गिऱ्हाइकाने दिले होते, त्याला पुढे उत्तरसुद्धा आलं नाही. "पन ही डिस्क फेकू नका ताई," तो म्हणाला. "चिठ्ठी बी तशीच ठेवा. कधी कधी किल्ली भेटते. वर्षानं भेटते, नाई तं भेटतच नाई."

घरी आल्यावर मी मामाजींना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे कोंडवाड्यात घातली तिले."

कोंडवाडा म्हणजे गावातलं मोकाट जनावर आणून कोंडायची जागा. मालकाने दंड भरायचा आणि जनावर सोडवून आणायचं. मामाजींच्या लेखी प्रश्न सुटला होता. "भरून टाक दंड. मले हे वाफे इकाव लागले तरी चालते. थे येते ना घरी?"

"मामाजी, कोंडवाड्याला फाटक असतं. आत जनावर दिसतं, दंड घेणारा माणूस दिसतो. इथे कोण आहे? दंड घेऊन तो फाटक उघडेल कशावरून?"

"पन म्हनून राह्यला ना थो, उघडतो म्हून."

"चोर म्हणतोय."

शेवटी मीच म्हटलं, पैसे द्यायचे नाहीत. मी म्हटलं म्हणून दिले नाहीत. तेव्हाही ते बरोबर होतं आणि आजही कुणी विचारलं तर मी तेच सांगेन. पण बरोबर असण्याने घरातली शांतता काही भरून निघत नाही. मामाजी माझ्याशी बोलेनासे झाले. रागावले होते असंही नाही. एखाद्याच्या हातून आपलं माणूस दगावलं की त्याच्याकडे जसं बघतात, तसं बघायचे.

मशीन धुऊन आलं, टेबलावर बसलं. सकाळी मामाजी जुन्या सवयीने खुर्चीत येऊन बसायचे. लावायला काही नव्हतं. थोडा वेळ बसून उठून जायचे. असं बरेच दिवस चाललं. मग एकदा मी आत पीठ मळत असताना त्यांनी विचारलं, "कुरडयाचं काय म्हने थे?"

मी हात धुतले नाहीत, बाहेर आले नाहीत, आतूनच म्हणाले. रोज ऐकून सगळं तोंडपाठ होतं. "गहू भिजू घाल. पानी रोज बदलत जाय, नाई तं वास मारते. जेवढा चीक तेवढंच पानी. आधन आलं का मीठ टाक, अन् चीक सोडत जाय, हाटत जाय. गाठ झाली का गेली." मी मले-तुले नाही, मला-तुला म्हणणारी बाई. पण हे माझ्या तोंडून आत्याबाईंच्याच बोलीत आलं, त्यांच्याच ठेक्यात. मध्ये जिथे त्या हाक मारायच्या तिथे मी थांबले, आणि मग म्हटलं, "आयकता काय? या आता, चहा झाला."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मामाजी टोपी चढवून मळ्यात गेले.

दुसऱ्या दिवशी सांडग्यांचं विचारलं. मग लोणच्याचं. आमचा रिवाज पुन्हा सुरू झाला, फरक एवढाच की आता आवाज डब्यातून न येता माझ्यातून येत होता. मामाजी माझ्याशी बोलू लागले. हे म्हणाले, "तू आईसारखीच म्हणतेस, बंद कर, मला कसंतरी होतं." मलाही व्हायचं. कधी कधी बोलून झाल्यावर घसा जड वाटायचा, आपला नसल्यासारखा. भाजीवाल्या बायांशी भांडतानाही तो ठेका यायला लागला. माहेरी गेले तर आई माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "तू कोनावानी बोलायलीस गं?" मी सांगितलं नाही. आत्याबाई कोंडवाड्यात नाहीत, माझ्यात येऊन राहिल्या आहेत, हे आईला कसं सांगायचं. मला त्याची भीती वाटायची आणि एखाद्या सकाळी मामाजींनी विचारलं नाही तर चुकल्यासारखंही व्हायचं.

अशी काही वर्षं गेली. मामाजींचे गुडघे गेले, हातात काठी आली, मळ्यात जाणं थांबलं. पण सकाळची खुर्ची काही सुटली नाही.

एक दिवस खामगावहून त्या दुरुस्तीवाल्याचा फोन आला. आमच्या फायलींना जे शेपूट होतं त्याची किल्ली सापडली होती. त्या रोगाने प्रत्येकाला वेगळं कुलूप लावायच्या ऐवजी आमच्यासारख्या काही जणांना एकच तयार कुलूप लावलं होतं, आणि जगातल्या कुणीतरी भल्या माणसांनी ते उघडून किल्ली फुकट ठेवली होती. मी डिस्क घेऊन गेले. त्याने किल्लीचं काम सुरू केलं, आणि एकेका नावामागचं शेपूट गळत गेलं. मी दुकानात काही ऐकलं नाही. डिस्क पदराखाली धरून घरी आले. रस्ताभर मला आनंद झाला होता, आणि आनंदाच्या खाली दुसरंही काहीतरी होतं, त्याला मी नाव देत नव्हते.

मामाजी खुर्चीत बसले होते. मी म्हटलं, "मामाजी, सुटल्या आत्याबाई. दंड न भरता सुटल्या." त्यांनी टोपी मांडीवर घेतली. मी कुरडयाचं लावलं.

आवाज आला. बारीक, घाईचा, जरा किरकिरा. मी खोलीतच उभी राहिले. गहू, पाणी, चीक, सगळं होतं, पण माझ्यासारखं संथ नव्हतं. त्या भराभर सांगत होत्या, मध्ये खोकत होत्या. आणि मग ती हाक आली. "आयकता काय? मोटर चालूच हाय. वाफा फुटला पाहा. तुमाले कितीदा सांगाव मानसानं?" एवढंच. चहाचं काही नव्हतं. चहा आत्याबाईंनी कधी विचारलाच नव्हता, तो माझा होता. कधी घातला, पहिल्याच दिवशी की हळूहळू, मला आठवेना. वर्षानुवर्षं रोज ऐकलेलं वाक्य माझ्या डोक्यातून पुसून मी तिथे दुसरं बसवलं होतं आणि मला पत्ताही नव्हता.

मामाजींनी शेवटपर्यंत ऐकलं. रेकॉर्डिंग संपलं तरी ते पडद्याकडे बघत राहिले.

"अशी नवती बोलत थे," ते म्हणाले.

"मामाजी, हाच त्यांचा आवाज आहे. हे खरं आहे."

"बंद कर थे. तू म्हन."

मी कॉम्प्युटर बंद केला. त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हणायला लागले. गहू भिजत घाला, पाणी रोज बदला. शब्द येत होते, पण माझ्या आवाजात येत होते, टायपिंग शिकलेल्या दुसरबीडच्या मुलीच्या आवाजात. मी पुन्हा सुरुवात केली. तो ठेका आठवायला गेले की कानात तो बारीक, घाईचा आवाज वाजायचा आणि माझा घसा मोकळाच राहायचा. इतकी वर्षं माझ्यात राहणाऱ्या आत्याबाई खोली सोडून गेल्या होत्या. हाकेपाशी आले आणि काय म्हणायचं ते मला सुचेना. चहा म्हणायचा की वाफा.

"मला येत नाही, मामाजी," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता. मान हलवली, नेहमी हलवायचे तशीच.

"हाव," ते म्हणाले. "मंग आता गेली थे."

आणि काठी शोधायला हात पुढे केला.